जुन्या ईव्ही बॅटरीतलं लिथियम: किलोवर भाव देण्याआधी हा हिशेब करा



या आठवड्याचा व्हिडिओ बघितला असेल, तर त्यातले आकडे भरभर निघून गेले हे मलाही मान्य आहे. स्क्रीनवर हिशेब थांबवून बघायचा म्हटलं की कंटाळा येतो. म्हणून तोच विषय इथे निवांत लिहितोय. शेजारी एक कागद आणि कॅल्क्युलेटर ठेवा, मध्ये मध्ये लागेल.

सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो. डिसेंबर २०२२. जिकडे बघावं तिकडे एकच चर्चा, लिथियम म्हणजे पांढरं सोनं. माझ्या दुकानात इन्व्हर्टरच्या आणि ई-स्कूटरच्या बॅटऱ्या येतात-जातात. मी विचार केला, लोक जुने स्कूटर पॅक मातीमोल भावात देतायत, आपण साठवू. २६ पॅक घेतले, एकूण वजन ६१० किलो, भाव ११० रुपये किलो. ६७,१०० रुपये रोख मोजले. पोटमाळ्यावर माल रचला आणि खुशीत बसलो. पुढच्या दिवाळीला विकायला काढला तर समोरच्याने ३५ रुपये किलो सांगितला. २१,३५० रुपये. म्हणजे ४५,७५० रुपयांचं नुकसान, आणि वर्षभर पोटमाळा अडकला तो वेगळा. बीबीए करून दुकान चालवणारा माणूस मी, पण ज्या मालात पैसे घातले त्यात नक्की काय आहे हेच मला माहीत नव्हतं.

ते काय आहे, ते आज शिकायचं.

लेड-ॲसिडची सवय इथे चालत नाही

आपल्या धंद्यातल्या लोकांच्या डोक्यात जुन्या बॅटरीचा हिशेब पक्का बसलेला आहे. बॅटरी काट्यावर ठेवा, किलो बघा, भावाने गुणा. लेड-ॲसिडला हे बरोबरच आहे, कारण तिच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं आणि सगळ्या बॅटऱ्या आतून जवळपास सारख्याच. वजन म्हणजेच किंमत.

लिथियम बॅटरीचं तसं नाही. नाव लिथियम असलं तरी आत लिथियम किती असतं माहितीये? एक साधं उदाहरण घेऊ. ५१.२ व्होल्ट, ६० अँपियर-अवर असा स्कूटरचा पॅक. गुणाकार केला की साधारण ३ किलोवॉट-अवर, म्हणजे आपल्या भाषेत ३ युनिट वीज मावते. केसिंग, वायरिंग, बीएमएस धरून असा पॅक २२ ते २५ किलोपर्यंत भरतो. आणि त्यात शुद्ध लिथियम असतं साधारण २८० ते ३०० ग्रॅम. वजनाच्या जेमतेम सव्वा टक्का! बाकी सगळं तांब्याचा पत्रा, ॲल्युमिनियमचा पत्रा, ग्राफाइट, प्लॅस्टिक, केसिंग, आणि कॅथोडमधले दुसरे घटक.

हे दुसरे घटकच खरा भाव ठरवतात. आपल्याकडच्या गाड्यांत मुख्यतः दोन जाती दिसतात. एक एलएफपी, म्हणजे लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट. दुसरी एनएमसी, म्हणजे लिथियमबरोबर निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट. लोखंड आणि फॉस्फेट स्वस्त. निकेल आणि कोबाल्ट महाग. दोन्ही पॅक बाहेरून सारखेच दिसतात, काट्यावरही थोड्याफार फरकाने सारखेच भरतात. माझे २६ पॅक एलएफपी होते. मी भाव मात्र ऐकीव एनएमसीचा दिला होता, तोही बाजार शिखरावर असतानाचा.

जात ओळखायची कशी

स्टिकरवरचा व्होल्टेज वाचा. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा धरतात, एनएमसीचा ३.६ किंवा ३.७ चा. सेल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून पॅकचा व्होल्टेज सेलच्या व्होल्टेजने भागला की पूर्ण आकडा आला पाहिजे. ५१.२ ला ३.२ ने भागा, बरोबर १६ येतात. म्हणजे एलएफपी. ५१.८ लिहिलं असेल तर ३.७ ने भागा, १४ येतात. म्हणजे एनएमसी. दशांश चिन्हापुढचा एक आकडा, पण मालाची जात त्यावर कळते. आमच्या दुकानातल्या पोराला मी हे पाठच करायला लावलंय.

पण एक खाच आहे. स्टिकरवर नुसतं ४८ व्होल्ट लिहिलेलं असेल तर फसाल. एलएफपीचे १५ सेल म्हणजे ४८.०, आणि एनएमसीचे १३ सेल म्हणजे ४८.१. कुणी म्हणेल, चार्जर बघा. तेही बघून झालं. एलएफपीचा पूर्ण चार्ज ३.६५ व्होल्टला, १५ सेलचे झाले ५४.७५. एनएमसीचा ४.२ ला, १३ सेलचे झाले ५४.६. आता सांगा, काय ओळखणार? अशा वेळी पॅकचा मॉडेल नंबर घेऊन गाडीच्या डीलरला विचारायचं. पॅक आधीच उघडलेला असेल आणि सेलवरचं लिखाण दिसत असेल तर आयएफआर अक्षरं म्हणजे लोखंडवाला, आयएनआर म्हणजे निकेलवाला. ओळखण्यासाठी म्हणून बंद पॅक उघडायचा नाही. ते का, पुढे येतंच आहे.

आता रुपयांत

हा भाग कागदावर करा. मी २०२४ च्या अखेरचे आंतरराष्ट्रीय भाव ढोबळ रुपयांत धरलेत. तुम्ही वाचाल तेव्हा ते बदललेले असणार, पद्धत मात्र तीच राहील.

बाजारात शुद्ध लिथियम विकलं जात नाही, लिथियम कार्बोनेट नावाची पांढरी पावडर विकली जाते. १ किलो लिथियमपासून साधारण ५.३ किलो कार्बोनेट होतं. आपल्या एलएफपी पॅकमध्ये २८० ग्रॅम धरा, म्हणजे दीड किलो कार्बोनेट. कारखान्यात सगळं हाती लागत नाही, ८५ टक्के धरू. सव्वा किलो राहिलं.

चीनच्या बाजारात नोव्हेंबर २०२२ मध्ये या पावडरीचा भाव टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेला होता. आपले झाले किलोला ६,८०० रुपये. सव्वा किलोचे ८,५००. मी ज्या महिन्यात २६ पॅक घेतले, त्याच्या आदल्या महिन्याची ही गोष्ट. २०२४ च्या अखेरीस तोच भाव ७५ हजार युआनच्या आसपास होता, म्हणजे किलोला साधारण ८७५ रुपये. सव्वा किलोचे झाले ११०० रुपये.

तोच पॅक, तेवढंच लिथियम, आणि ८,५०० चे ११००.

आता तेवढ्याच क्षमतेचा एनएमसी पॅक घ्या, ज्या प्रकारात निकेल ६ भाग, मँगनीज २ आणि कोबाल्ट २ असतं. त्यातून निकेल साधारण पावणेदोन किलो हाती लागेल, २,२०० रुपयांचं. कोबाल्ट अर्ध्या किलोहून थोडं जास्त, ११०० रुपयांचं. लिथियम कार्बोनेट १७०० ग्रॅम, १,५०० रुपयांचं. एकूण ४,८०० रुपये. म्हणजे एलएफपीच्या चौपटीहून जास्त. तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्हीकडे आहेच, ते वेगळं.

लक्षात घ्या, ही कारखान्यातून शेवटी बाहेर पडणाऱ्या मालाची किंमत आहे, तुमच्या दारातली नाही. मधला गाडीभाडा, पॅक खोलायची मजुरी, ॲसिड, वीज, सांडपाण्याची प्रक्रिया, बँकेचं व्याज आणि प्रत्येकाचा नफा यातूनच निघतो. एलएफपीच्या ११०० रुपयांतून हे सगळं काढल्यावर दुकानदाराच्या वाट्याला काय राहणार? म्हणून ३५ रुपये सांगणारा तो माणूस मला लुटत नव्हता. तेव्हा मात्र मी त्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

लिथियम सगळ्यात शेवटी का निघतं

हे समजलं की या धंद्याची रचना आपोआप समजते, म्हणून थोडं सावकाश वाचा.

कारखान्यात आलेला पॅक आधी पूर्ण डिस्चार्ज करतात, मग खोलतात. सेल मोठ्या यंत्रात भरडले जातात, तेही ऑक्सिजन नसलेल्या हवेत किंवा पाण्याखाली, नाहीतर ठिणगी पडून पेट घेतो. भरडलेल्या मालातून चाळणी, चुंबक आणि हवेचा झोत वापरून लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक वेगळं काढतात. खाली राहते एक काळी भुकटी. तिला ब्लॅक मास म्हणतात. ग्राफाइट आणि कॅथोडची पावडर यांचं हे मिश्रण. लिथियम, निकेल, कोबाल्ट जे काही मोलाचं आहे ते सगळं यात.

इथून पुढे दोन वाटा. पहिली भट्टीची. जास्त तापमानाला वितळवलं की कोबाल्ट, निकेल आणि तांबं खाली मिश्रधातू म्हणून जमतं, आणि लिथियम वर स्लॅगमध्ये, म्हणजे भट्टीच्या मळीत निघून जातं. मळीतून ते परत काढता येतं, पण खर्चिक काम. अनेक वर्षं ते तसंच सोडून दिलं जायचं. म्हणजे ज्याच्या नावावर बॅटरी विकली गेली, तोच घटक राखेत.

दुसरी वाट ॲसिडची. ब्लॅक मास गंधकाम्लात विरघळवतात, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. गाळल्यावर ग्राफाइट वर राहतं आणि धातू पाण्यात उतरतात. मग एकेक पाहुण्याला बाहेर काढायचं. आधी तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम. मग विशिष्ट रसायनं वापरून मँगनीज, कोबाल्ट, निकेल. सगळे गेल्यावर उरलेल्या पाण्यात लिथियम राहतं. ते पाणी आटवून घट्ट करतात, ९० अंशांच्या आसपास तापवतात आणि त्यात सोडा ॲश घालतात. सोडा ॲश म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्याचा कोरडा भाऊ. लगेच पांढरी पावडर खाली बसायला लागते. तेच लिथियम कार्बोनेट.

तापवायचं का? गंमत इथे आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते. लिथियम कार्बोनेट उलटं वागतं. थंडगार पाण्यात लिटरला १५ ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम ७. म्हणून तापवलं की जास्त पावडर हाती येते, आणि धुतानाही गरम पाण्यानेच धुवायची. पण ते ७ ग्रॅम पाण्यात राहतातच! म्हणून ते पाणी पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं, आणि मूळ पाण्यात लिथियम पातळ असेल तर गळती वाढते. प्रत्येक आधीच्या पायरीतही थोडं थोडं सांडतं. रांगेत शेवटी उभा असलेल्याच्या ताटात जे उरतं ते.

कायदे करणाऱ्यांनाही हे माहीत आहे. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी कायद्यात २०२७ च्या अखेरपर्यंत कोबाल्ट, निकेल, तांबं ९० टक्के परत मिळवायचं बंधन आहे, पण लिथियम फक्त ५० टक्के. २०३१ च्या अखेरीस ते ८० टक्के होईल.

अलीकडे उलट क्रमही वापरतात. आधी ब्लॅक मास नियंत्रित तापमानाला भाजून लिथियम पाण्यात धुऊन काढायचं, मग बाकीचं. आणि एलएफपीसाठी तर वेगळीच युक्ती आहे. सगळं विरघळवायचंच नाही. मोजकं ॲसिड आणि पेरॉक्साइड अशा बेताने वापरायचं की लिथियम तेवढं पाण्यात येतं आणि लोखंड-फॉस्फेट घट्टच राहतं. रसायनांचा खर्च वाचतो. एलएफपीचं रिसायकलिंग परवडणार असेल तर याच वाटेने, असं माझं मत.

२२ लाखांचं मशीन

आता ज्यांच्यामुळे हा विषय घेतला त्या ताईंची गोष्ट. गेल्या बॅचला होत्या. ई-रिक्षा आणि स्कूटर दुरुस्तीचं दुकान, दोन कारागीर, काम चोख. त्यांच्या हातात एक कोटेशन होतं. बॅटरी भरडून ब्लॅक मास करायचं छोटं मशीन, २२ लाख. विकणाऱ्याने सांगितलेलं, ब्लॅक मास केला की लिथियमचा भाव मिळतो, दोन वर्षांत पैसे वसूल. ताईंनी घर तारण ठेवायची तयारी केली होती. मला फक्त एवढंच विचारलं, "सर, मुद्रा लोनमध्ये किती बसेल आणि बाकीचं घरावर घेऊ का?"

मी त्यांना म्हटलं, ताई, लोनचं नंतर बघू, आधी वरचा हिशेब तुमच्या मालावर करा. त्यांच्याकडे महिन्याला १५ ते २० लिथियम पॅक येत होते, आणि त्यातले बहुतेक ५१.२ वाले. एलएफपी. २० पॅक गुणिले ११०० म्हणजे २२ हजार, तेही शेवटच्या कारखान्याच्या दारातले. २२ लाखांचं व्याजच महिन्याला त्याच्या आसपास जातं. दोन मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी मशीन नाही, हप्ता विकत घेत होते."

छोट्यांचंच असं होतं असं समजू नका. लाय-सायकल नावाची कॅनडाची कंपनी होती. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदलेली. त्यांची रचना अशी, की ठिकठिकाणी छोट्या केंद्रांत बॅटऱ्या भरडून ब्लॅक मास करायचा आणि मग एका मोठ्या कारखान्यात त्यातून लिथियम आणि बाकी धातू काढायचे. कागदावर सुंदर. अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात मोठ्या कारखान्याचं काम सुरू झालं, खर्च अंदाजाच्या बाहेर गेला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये काम थांबवलं. मे २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीत संरक्षण मागितलं आणि पुढे ग्लेनकोर या मोठ्या खाण कंपनीने ती घेतली. भरडणं सोपं आहे, पैसा पुढच्या पायरीत आहे, आणि पुढची पायरी प्रचंड भांडवलाची आहे.

आपलं सरकारही याच दिशेने बोलतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने महत्त्वाच्या खनिजांच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. एक तृतीयांश रक्कम छोट्या आणि नव्या उद्योगांसाठी राखीव आहे, ही चांगली गोष्ट. पण अट वाचा: प्रोत्साहन प्रत्यक्ष खनिज वेगळं काढणाऱ्याला आहे, नुसता ब्लॅक मास करणाऱ्याला नाही. कोटेशन देणारे लोक योजनेचं नाव सांगतात, ही ओळ वाचून दाखवत नाहीत.

सरकारला घाई का आहे ते उघड आहे. आपण लिथियम बाहेरून आणतो. जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात ५९ लाख टनांचा अंदाज २०२३ मध्ये जाहीर झाला तेव्हा सगळ्यांनी फटाके वाजवले, पण तो प्राथमिक अंदाज होता, आणि लिलावाला पुरेसे बोलीदारच आले नाहीत. तोपर्यंत जुन्या बॅटऱ्या हीच आपली खाण. फक्त त्या खाणीत तुम्ही कुठे उभे राहणार, हे नीट ठरवायचं.

मग दुकानदाराने कमवायचं कुठे

तीन जागा मला दिसतात, आणि तिन्हींत मी स्वतः आहे.

पहिली तपासणी. "मेलेला" म्हणून आलेला प्रत्येक पॅक मेलेला नसतो. कधी बीएमएस गेलेलं असतं, कधी कनेक्टर गंजलेला असतो, कधी एकच सेल बाकीच्यांना खाली ओढत असतो. तपासणीची फी लावा. फुकट तपासून देऊ नका, डॉक्टर फुकट नाडी बघतो का? गिऱ्हाईकाचा पॅक दुरुस्त करून त्यालाच परत देणं वेगळं आणि जुने पॅक जमवून नव्याने बांधून विकणं वेगळं. दुसऱ्यासाठी रिफर्बिशर म्हणून नोंदणी लागते, ती राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे.

दुसरी संकलन. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२ हे २२ ऑगस्ट २०२२ ला आले. त्यांनी बॅटरी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर जबाबदारी टाकली की जुनी बॅटरी परत गोळा होऊन रिसायकल झालीच पाहिजे. म्हणजे कंपन्यांना जुना माल कागदपत्रांसकट हवा आहे. तुम्ही गोळा करू शकता, पण द्यायचा फक्त नोंदणीकृत रिसायकलर किंवा रिफर्बिशरला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरची नोंद मागा आणि पावती घ्या. साबूत, न उघडलेले, जातीनुसार वेगळे लावलेले पॅक असतील तर भावात बोलायला जागा राहते. मिसळलेला, तोडलेला माल असेल तर समोरचा सगळ्यात स्वस्त जातीचाच भाव धरतो. का धरणार नाही?

जाता जाता या नियमांबद्दल एक तक्रार. रिसायकलरने २०२६-२७ पासून ईव्ही बॅटरीच्या कोरड्या वजनाच्या ९० टक्के माल परत मिळवायचा आहे. ऐकायला जोरदार. पण लिथियम आहे सव्वा टक्का. वजनावर बोट ठेवलं तर लिथियम पूर्ण वाया घालवूनही कुणी ९० टक्के दाखवू शकतो. युरोपसारखा धातूनुसार आकडा आपल्याकडेही यायला हवा, आणि माझ्या मते तो येईल. २०२७-२८ पासून नव्या ईव्ही बॅटरीत ५ टक्के माल रिसायकल केलेला वापरायचं बंधन सुरू होतंय, २०३०-३१ पर्यंत ते २० टक्क्यांवर जाईल. त्यामुळे चांगला माल काढणाऱ्याला मागणी येणार.

तिसरी जागा एक्स्चेंज. नवा पॅक विकताना जुन्याची किती सूट द्यायची हे जातीवर ठरवा. आमच्या दुकानात एलएफपी आणि एनएमसी असे दोन वेगळे दर लिहिलेला बोर्ड आहे आणि तो दर तीन महिन्यांनी पुसून नव्याने लिहितो. गिऱ्हाईक वाद घालतं. घालू द्या. स्टिकर दाखवा, भागाकार करून दाखवा. एकदा समजलं की तोच माणूस दुसऱ्याला समजावतो.

पोटमाळा

माझ्या २६ पॅकची एक गोष्ट मी व्हिडिओत सांगितली नाही. मे महिन्यात पोटमाळ्यावरून गोडसर, थिनरसारखा वास यायला लागला. वर जाऊन बघितलं तर एक पॅक पोट फुगल्यासारखा झालेला, केसिंगची शिवण उकललेली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं घर आहे. मुलगी दुपारची झोपली होती. ओलं फडकं नाकाला बांधून तो पॅक उचलून मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेऊन ठेवला. तेही चुकीचंच केलं. अशा पॅकला हात न लावता आधी माणसं बाहेर काढायची असतात. नशीब म्हणून पुढे काही झालं नाही.

या बॅटरीतला द्रव पेट घेतो, आणि त्यातल्या क्षाराला ओलावा लागला की हायड्रोजन फ्लोराइड नावाचा विषारी वायू तयार होतो. सेल आतून तापायला लागला की तो शेजारच्याला तापवतो आणि साखळी सुरू होते. अमेरिकेतल्या फ्रेडरिकटाऊन इथे ३० ऑक्टोबर २०२४ ला लिथियम बॅटरी रिसायकल करणाऱ्या मोठ्या कारखान्याला आग लागली, आसपासच्या लोकांना घरं सोडून जावं लागलं. तिथे तर यंत्रणा होती. आपल्याकडे पोटमाळा असतो.

म्हणून नियम सांगतो, माझ्या दुकानात लावलेले. राहत्या घराखाली किंवा जिन्याजवळ जुने पॅक नाहीत. टर्मिनलला इन्सुलेशन टेप लावल्याशिवाय पॅक रॅकवर जात नाही. एकावर एक रचत नाही. फुगलेला, ओला झालेला, अपघातातला पॅक इमारतीच्या बाहेर, सावलीत, एकटा. आलेला माल ३० दिवसांच्या आत पुढे जातो, भाव वाढेल म्हणून थांबायचं नाही. धूर दिसला की सगळे बाहेर आणि १०१. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबतात, पण सेल थंड होत नाही. त्याला भरपूर पाणी लागतं, आणि ते काम अग्निशमनवाल्यांचं.

आणि कृपा करून मिठाच्या पाण्याच्या टबात पॅक बुडवून डिस्चार्ज करायची युक्ती दुकानात करू नका. पॅकचा व्होल्टेज मिठाच्या पाण्यात गेला की हायड्रोजन आणि क्लोरीन सुटतात. एक पेट घेणारा, एक विषारी. टर्मिनल गंजून तुटलं तर आतला चार्ज तसाच राहतो आणि पॅक रिकामा झालाय असं वाटून पुढचा माणूस त्यात पेचकस घालतो.

ताईंचं काय झालं? मशीन घेतलं नाही. चांगला मल्टीमीटर, सेलची क्षमता मोजायचा टेस्टर आणि पत्र्याची एक वेगळी शेड, सगळं मिळून दीड लाखाच्या आत. मागच्या महिन्यात फोन आला होता. २० पॅकपैकी सहा तपासणीत दुरुस्त होण्यासारखे निघाले, बाकीचे जात लावून नोंदणीकृत रिसायकलरकडे गेले. दर कमीच मिळाला म्हणाल्या, पण पावतीवर मिळाला.

गृहपाठ

वहीत पाच रकाने आखा: तारीख, स्टिकरवरचा व्होल्टेज, अँपियर-अवर, वजन, जात. आज दुकानात असलेला प्रत्येक जुना पॅक त्यात लिहा. व्होल्टेज गुणिले अँपियर-अवर भागिले १००० करून युनिट काढा. एलएफपी असेल तर युनिटला ९५ ग्रॅम लिथियम धरा, ५.३ ने गुणून कार्बोनेट काढा, त्यातून १५ टक्के वजा करा आणि आजच्या भावाने गुणा. ४८ व्होल्टवाल्यांपुढे जातीच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाका आणि डीलरला फोन करा. पुढच्या व्हिडिओत तपासणीची फी किती लावायची ते घेणार आहे, तेव्हा ही वही समोर ठेवूनच बसा.